रतनगड ते हरिश्चंद्रगड: मुंबईहून पहिल्यांदा चार दिवसांची रेंज करणाऱ्यांसाठी

मी डोंबिवलीचा. रतनगड ते हरिश्चंद्रगड ही रेंज, म्हणजे डोंगररांगेने एका गडावरून दुसऱ्या गडावर मुक्काम करत चालत जाणं, आतापर्यंत पाच वेळा केली आहे. पहिल्या खेपेला आम्ही चौघे वाटाड्या न घेता गेलो आणि कात्राबाईच्या जंगलात चार तास चुकलो. पाणी संपलं, उजेड संपत आला, आणि गुरं हाकत निघालेल्या एका आजोबांनी आम्हाला कुमशेत गावापर्यंत पोहोचवलं. त्यांनी घरी नेऊन जेवूही घातलं. ‘एकदिवसीय ट्रेक बरेच झाले, आता मोठं काहीतरी करायचंय’ असं म्हणत ऑफिसातली मुलंमुली माझ्याकडे येतात, तेव्हा मी त्यांना हीच रेंज सुचवतो. त्यांना जे तोंडी सांगतो ते एकदा नीट लिहून ठेवतोय.

आधी हीच रेंज का, ते सांगतो. या वाटेवर तीन जुनी शिवालयं आहेत. रतनवाडीचं अमृतेश्वर, हरिश्चंद्रगडावरचं हरिश्चंद्रेश्वर आणि उतरल्यावर खिरेश्वरचं नागेश्वर. झंझ नावाच्या शिलाहार राजाने बारा नद्यांच्या उगमांपाशी बारा शिवालयं बांधली अशी परंपरा आहे, आणि त्यातली ही तीन धरली जातात: प्रवरेचं, मुळेचं आणि पुष्पावतीचं. म्हणजे चार दिवसांत तुम्ही तीन नद्यांच्या माथ्यावरून चालता. प्रवरा आणि मुळा पुढे एक होऊन गोदावरीला मिळतात. पुष्पावतीचं पाणी कुकडी, घोड, भीमा असं करत कृष्णेत जातं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून खाली कोसळणारं पाणी काळू नदीतून टिटवाळ्याच्या बाजूने आपल्याकडे येतं. हे डोक्यात ठेवून चाललात तर प्रत्येक खिंड ओलांडताना आपण कुठून कुठे आलो ते पायांना कळतं. नुसतं ‘किती किलोमीटर झाले’ एवढंच बघत धावलात तर देवळं पाच मिनिटांत उरकली जातात, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

१. आधी महिना ठरवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पहिल्यांदा जाणाऱ्याने दुसरा विचारच करू नये. पावसाळ्यात हा मुलूख डोळ्यांत मावत नाही हे खरं, पण कात्राबाईच्या रानात धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही, आणि कुमशेत आणि हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचं पाचनई यांच्या मधले ओढे तासाभराच्या सरीत कमरेपर्यंत चढतात. ऑक्टोबरात गवत डोक्याएवढं असतं आणि दुपारचं ऊन भाजून काढतं. मार्चनंतर वाटेवरचं पाणी आटत जातं.

वारही नीट निवडा. शनिवारी रात्री हरिश्चंद्रगडावर जत्रा असते. शुक्रवारी रात्री मुंबईहून निघालात तर शनिवारी रतनगड, रविवारी कुमशेत आणि सोमवारी हरिश्चंद्रगड असा मुक्काम पडतो. सोमवार-मंगळवार अशी दोन दिवस रजा टाकावी लागते. ती टाकाच. सोमवारी संध्याकाळी कोकणकड्यावर तुम्ही आणि वारा, एवढंच असतं.

२. दोन महिने आधीपासून पाय तयार करा

जिममधला ट्रेडमिल इथे फारसा कामाचा नाही. पाठीवर दहा-बारा किलो घेऊन चढण्या-उतरण्याची सवय हवी. इमारतीचे जिने रोज पाठीवर सॅक घेऊन चढा. दर रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या दारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत चालत जा आणि चालत परत या. एकदा नेरळहून माथेरान चालत चढा. शेवटी एक मुक्कामी ट्रेक करा; कर्जतहून कोंढाण्याच्या बाजूने राजमाची त्यासाठी उत्तम आहे. राजमाचीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघे कुरकुरले नाहीत तर तुम्ही तयार आहात. कुरकुरले तर महिनाभर थांबा. रेंजच्या दुसऱ्या दिवशी गुडघा धरला तर तिथे ना रिक्षा मिळते ना अर्ध्यात सोडायला जागा.

गट चार ते आठ जणांचा असावा. एकट्याने जाऊ नका. आणि ‘पन्नास जणांची बॅच’ नेणाऱ्या आयोजकाबरोबर तर मुळीच नको. एकदा मी अशा एका बॅचबरोबर गेलो होतो. पुढचे आणि मागचे यांच्यात दोन तासांचं अंतर पडलं, आणि मागे राहिलेल्या एका मुलीबरोबर आयोजकांचा एकही माणूस नव्हता. आयोजकाबरोबरच जायचं असेल तर तीन गोष्टी विचारा: गटात किती जण आहेत, सगळ्यात मागे कोण चालणार आणि स्थानिक वाटाड्या घेतलाय का.

३. कागदपत्रं आणि फोन

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. नाक्यावर वनखात्याची प्रवेश पावती फाडावी लागते. ती चारही दिवस जपून ठेवा. मुक्कामाचे, तंबूचे आणि शेकोटीचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून निघायच्या आठवड्यात गावातल्या माणसाला फोन करून सध्या काय चालू आहे ते विचारून घ्या. बरोबर ठेवायचं:

• आधारकार्ड, मूळ किंवा छापील प्रत. नुसतं मोबाइलमधलं नको, कारण तिसऱ्या दिवशी मोबाइल बंद पडलेला असतो.
• एका कागदावर प्रत्येकाचा रक्तगट, चालू असलेली औषधं, ॲलर्जी आणि घरच्यांचा नंबर.
• त्याच कागदाची आणि रोजच्या मुक्कामांच्या यादीची एक प्रत घरी. ‘मंगळवारी रात्री अकरापर्यंत फोन आला नाही तर याला कळवा’ असं स्पष्ट लिहून.
• रोख पैसे, सुट्यासकट. कुमशेतमध्ये नेटवर्क नसेल तर क्यूआर कोडचा काही उपयोग नाही. शेवटचं भरवशाचं एटीएम घोटीत.
• आणीबाणीसाठी ११२ आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन नंबर, कागदावर लिहिलेला.

दमा, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि गटातल्या निदान एकाला ते माहीत असू द्या. ही लपवायची गोष्ट नाही.

४. सॅकमध्ये काय

सगळ्यात आधी बूट. सह्याद्रीच्या मुरमाड, घसाऱ्याच्या वाटांवर तळव्याची पकड हाच तुमचा जीव असतो. मुंबईतल्या जुन्या ट्रेकर्सच्या पायात ॲक्शन कंपनीचे साधे ट्रेकिंग शूज दिसतात. स्वस्त आहेत आणि कातळावर चिकटून राहतात. महागडे घेतलेत तरी हरकत नाही, पण नवे कोरे घालून येऊ नका. निदान चाळीस-पन्नास किलोमीटर मुंबईतच चालून ते मऊ करा.

माणशी तीन लिटर पाणी मावेल इतक्या बाटल्या. डोक्याला लावायचा टॉर्च आणि जादा सेल. डिसेंबर-जानेवारीत रात्री हाडं गोठतात, म्हणून बऱ्यापैकी स्लीपिंग बॅग, कानटोपी आणि एक जाड स्वेटर. पूर्ण बाह्यांचा शर्ट, कारण कारवीच्या झुडपांतून जाताना हात ओरखडून निघतात. शिट्टी, क्लोरीनच्या गोळ्या, ओआरएस, क्रेप बँडेज, चिकटपट्टी. ऑफलाइन नकाशा घरूनच उतरवून घ्या.

अत्तर आणि डिओ घरी ठेवा. कड्यांच्या कपारींत आग्या मोहोळं असतात. उग्र वास, धूर आणि आरडाओरडा यांनी माश्या उठतात, आणि उघड्या कातळावर पळायला जागा नसते.

खाण्याचं ओझं कमी करा. मेथीचे ठेपले, दशम्या, सुक्या खोबऱ्याची चटणी, गूळ-शेंगदाणे, खजूर एवढं पुरतं. रात्रीचं जेवण गावात आणि गडावर सांगून मिळतं: पिठलं, भाकरी, ठेचा, भात. इथली बरीच घरं महादेव कोळी समाजाची आहेत आणि हिवाळ्याच्या दिवसांत पाहुण्यांच्या जेवणावर घराचा मोठा आधार असतो. पैशांत घासाघीस करू नका. आणि आधी कळवा. आठ माणसं रात्री साडेआठला दारात उभी राहिली तर त्या घरातल्या बाईला पुन्हा चूल पेटवावी लागते.

५. मुंबई ते रतनवाडी

रात्रीची शेवटची कसारा लोकल ही ट्रेकर्सची जुनी गाडी. कल्याणपर्यंत उभं राहावं लागतं, पुढे डबा रिकामा होतो. पहाटेपर्यंत कसारा स्टेशनवर थांबायचं आणि उजाडायच्या सुमारास जीप पकडायची. रात्र जागून चढायला नको असेल तर पहाटेची पहिली कसारा लोकल घ्या, पण मग चढ उन्हात येतो. गाड्यांच्या वेळा निघायच्या आधी ॲपवर तपासा, त्या बदलतात.

इथला सापळा असा. जीपवाल्याला ‘भंडारदरा’ सांगितलंत तर तो धरणाजवळच्या शेंडी गावात उतरवेल. रतनवाडी जलाशयाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. आणि ‘सांदण’ दरीचं नाव ऐकलं की तो तिच्या जवळच्या साम्रद गावाला नेईल, कारण बहुतेक प्रवासी तिकडेच जातात. बसायच्या आधीच ‘रतनवाडी, अमृतेश्वर देवळापाशी’ असं सांगून भाडं ठरवा. स्वतःची गाडी आणूच नका. ही रेंज एका तालुक्यात सुरू होते आणि दुसऱ्यात संपते. गाडी रतनवाडीत आणि तुम्ही माळशेज रस्त्यावर, असं होईल.

शेंडीचं धरण १९१० ते १९२६ या काळात बांधलं गेलं. त्याच्या फुगवट्याला वळसा घालत रस्ता रतनवाडीत पोहोचतो.

६. पहिला दिवस: अमृतेश्वर आणि रतनगड

जीपमधून उतरलात की लगेच चढायला लागू नका. अमृतेश्वराला निदान तासभर द्या. आधी बाहेरून पूर्ण प्रदक्षिणा घाला, मग आत जा आणि मान वर करून छताचे दगड बघा. जवळच पुष्करणी आहे, तिच्या भिंतींत कोनाडे आणि मूर्ती आहेत. बूट बाहेर काढा, आणि देऊळ नांदतं आहे हे लक्षात ठेवून आवाज बेताचा ठेवा.

वाटाड्या इथेच ठरवा. रतनवाडी ते पाचनई असा दोन-अडीच दिवसांचा बोला, त्यात त्याचं जेवण आणि परतीचा जीपखर्च धरा. ‘ॲपवर ट्रॅक आहे’ म्हणून वाटाड्या टाळणं ही या रेंजवरची सगळ्यात मोठी चूक. का, ते दुसऱ्या दिवसात येईल.

गडाचा चढ सॅकसकट तीन-साडेतीन तासांचा. बराच भाग सावलीतून जातो, शेवटी लोखंडी शिड्या लागतात. शिडीवर एका वेळी एकच जण, तोंड कातळाकडे, आणि सॅकला बाहेर काही लटकवू नका. वर गणेश दरवाजाजवळ गुहा आहेत, मुक्काम तिथे. शनिवारी गुहा भरलेल्या असण्याची शक्यता असते, म्हणून दुपारपर्यंत पोहोचा.

सॅक ठेवून नेढ्यात जा. डोंगराच्या माथ्याला आरपार पडलेलं भोक म्हणजे नेढं. तिथे वारा इतका जोरात येतो की टोपी हातात धरावी लागते. तिथून अलंग-मदन-कुलंग हे किल्ले आणि त्यांच्या पलीकडे कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. उतरताना त्र्यंबक दरवाजा बघून या, पण त्या वाटेने खाली जाऊ नका. ती साम्रदला उतरते.

७. दुसरा दिवस: कात्राबाईची खिंड

हा रेंजचा सगळ्यात कसोटीचा दिवस. सातच्या आत शिड्या उतरायला सुरुवात करा. आलेल्या वाटेने जंगलातल्या फाट्यापर्यंत उतरायचं. तिथून एक वाट रतनवाडीला जाते, दुसरी कात्राबाईच्या खिंडीकडे वळते. इथे आम्ही चुकलो होतो, आणि ते फाट्यावर नाही, त्याच्या पुढे. या रानात ढोरवाटा इतक्या आहेत की प्रत्येक वाट खरी वाटते. रुंद, मळलेली वाट हमखास पाण्याशी किंवा कुरणात जाऊन संपते, आणि खिंडीची वाट मात्र अरुंद असते. झाडांखाली मोबाइलचा ठिपका इकडेतिकडे उड्या मारतो, आणि दोन वाटांमधलं अंतर त्या उडीपेक्षा कमी असतं. वाटाड्या लागतो तो यासाठी.

चुकल्यासारखं वाटलं तर एक नियम पाळा: शेवटची खात्रीची खूण आठवा आणि तिथपर्यंत मागे या. ‘ओढ्याने खाली उतरलो की गाव लागेलच’ या भरवशावर उतरू नका. इथले ओढे उतरता उतरता अचानक धबधब्याच्या टोकावर नेऊन सोडतात. आम्ही नेमकं तेच करायला निघालो होतो.

खिंडीच्या चढाआधी पाणी भरून घ्या. कुठे आहे ते वाटाड्या दाखवेल. चढ दमवतो. माथ्यावर कात्राबाईचं ठाणं आहे, तिथे बसून खाऊन घ्या. प्रवरेचं खोरं इथे मागे राहतं आणि पुढे मुळेचं सुरू होतं. पलीकडे उतरताना आजोबा पर्वत दिसतो. वाल्मीकींचा आश्रम तिथे होता आणि लव-कुशांचे ते आजोबा, म्हणून डोंगराचं नाव आजोबा, असं गावकरी सांगतात.

कुमशेतला चार-साडेचारपर्यंत पोहोचायला हवं. मुक्काम गावात कुणाच्या ओसरीवर किंवा देवळात, विचारून. झोपायच्या आधी पाय कोमट पाण्यात बुडवून ठेवा आणि फोड आला असेल तर आजच चिकटपट्टी लावा. उद्यावर टाकू नका.

८. तिसरा दिवस: पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड

कुमशेत ते पाचनई हा पाचेक तासांचा चढ-उताराचा रस्ता. मधे पेठेची वाडी लागते. अवघड काही नाही, पण ऊन लागतं. पाचनईत जेवा, थोडं आडवे व्हा, वाटाड्याचा हिशेब पुरा करून त्याचा निरोप घ्या. पाचनईहून गडाची वाट सोपी आणि ठसठशीत आहे, दोन-अडीच तासांत देवळापाशी.

हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ एका घळीत आहे, त्यामुळे ते अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. मग एकदम समोर शिखर उभं राहतं. शेजारून मंगळगंगा वाहते, पुढे सप्ततीर्थ पुष्करणी आहे. भिंतींवर आणि ओवऱ्यांमध्ये शिलालेख आहेत, आणि चांगदेवांनी इथे तप केल्याची परंपरा आहे. टॉर्चचा उजेड बाजूने तिरका टाकलात तर अक्षरं उठून दिसतात. हात लावू नका, खडू-पावडर तर अजिबात घासू नका.

थोडं खाली केदारेश्वराची गुहा. कमरेएवढ्या बर्फगार पाण्यात प्रचंड शिवलिंग आणि भोवती चार खांब, त्यातला एकच शाबूत. हे चार खांब म्हणजे चार युगं, आणि चौथा पडला की जग संपणार, असं म्हणतात. प्रदक्षिणेसाठी पाण्यात उतरणार असाल तर बूट-मोजे काढून, कातळ निसरडा आहे हे धरून, आणि त्या पाण्यात साबण लावू नका.

पाचच्या आत कोकणकड्यावर पोहोचा. देवळापासून अर्धा तास. कडा आतल्या बाजूला वळलेला आहे, म्हणजे तुम्ही उभे असता त्याच्या खाली पोकळी असते. टोकाशी उभं राहून फोटो काढू नका. पालथं पडून, मागच्याने पाय धरून, मान पुढे काढून बघायची इथली पद्धत आहे. वाऱ्याचा झोत खालून वर येतो. सकाळी ढग खाली आणि सूर्य पाठीशी असला तर स्वतःच्या सावलीभोवती गोल इंद्रधनुष्य दिसतं, त्याला इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने इथे पाहिलेल्या अशा इंद्रधनुष्याचं वर्णन १८३५ साली छापलं गेलं. मला पाच खेपांत एकदाच दिसलं, जेमतेम मिनिटभर, आणि आम्ही कुणीच काही बोललो नाही.

अंधार पडायच्या आत मुक्कामी परता. पठारावर रात्री वाट शोधणं दिवसापेक्षा दहापट अवघड आहे.

९. चौथा दिवस: टोलार खिंड, खिरेश्वर आणि घर

पाय साथ देत असतील तर सूर्योदयाला तारामती चढा, देवळापासून तासाभराची चढण. गडावरचं सगळ्यात उंच टोक तेच.

मग परतीची वाट. देऊळ ते टोलार खिंड या टप्प्यात टेकड्यांमागून टेकड्या येतात आणि सगळ्या सारख्याच दिसतात. अनेक जण इथेच भरकटतात. खुणा नीट बघत जा, आणि धुकं असेल तर गडावरच्या झोपडीवाल्याला खिंडीपर्यंत बरोबर घ्या. खिंडीच्या आधी कातळटप्पा आहे, रेलिंग आहे; तोंड कातळाकडे करून सावकाश उतरा. खिंडीत दगडात कोरलेला वाघ आहे, तो शोधा.

खिरेश्वरला साडेअकरा-बारापर्यंत याल. इथे बहुतेक जण थेट बसकडे धावतात आणि नागेश्वर राहून जातं. गावाबाहेरचं हे छोटं देऊळ चुकवू नका. आत शिरून मंडपात उताणे पडा आणि छत बघा. चौकटीचौकटींत देवदेवता कोरल्या आहेत. पहिल्या दिवशी अमृतेश्वराचं छत पाहिलेलं असतं, त्यामुळे इथे डोळे आपोआप तुलना करायला लागतात.

तिथून पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने खुबी फाटा पाचेक किलोमीटर. जीप मिळाली तर ठीक, नाहीतर चाला. फाट्यावर आळेफाट्याहून कल्याणला जाणाऱ्या एसटीला हात दाखवायचा. दुपारी तीनच्या आत फाट्यावर असा. संध्याकाळच्या गाड्या भरून येतात आणि थांबतीलच असं नाही. खिडकी मिळाली तर घाटातून एकदा मागे वळून बघा. कल्याणला उतरल्यावर घरी पहिला फोन करा, मग वडापाव.